भिंतीवरचा शेजार

पोस्टमनने पत्र घरी न टाकता शिवणकारखान्यात आणून दिलं, कारण त्या घराला सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुलूप असतं हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. काजवालीने सही केली, युद्धस्मारकाच्या कचेरीचा शिक्का ओळखला, आणि असेल काहीतरी कार्यक्रमाचं आमंत्रण म्हणून आधी सुईत दोरा ओवून घेतला. मग पाकीट फोडलं. चार ओळी वाचल्या. पाचवी वाचली. मग कागदाची होती तशी घडी घालून तो कात्रीखाली ठेवला आणि ती पुढच्या काजाला लागली. संध्याकाळी मास्तर कोट मोजायला आला आणि एक कोट उजेडात धरून तसाच उभा राहिला. "बाई, हे लेडीज कोट आहेत. काजं डावीकडे?" त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला. "पाचही? अहो, पाच बायकांचे पुरुष करून टाकलेत!" पोरी फिदीफिदी हसल्या. तीही हसली, कारण हसण्यासारखंच होतं. पुरुषाचं काज डावीकडे, बाईचं उजवीकडे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकलं नसतं. तीस वर्षांत चुकलं नव्हतं. "शिवण असती तर उसवली असती," मास्तर म्हणाला, "पण तुम्ही काप दिलाय की." मास्तर तिच्याहून वीस वर्षांनी लहान, बोलण्यात खोच नव्हती, उलट काळजीच होती. "बरं नाही का बाई?" बरं आहे, ती म्हणाली. नवरा सापडला, हे काही तब्येतीचं कारण म्हणून सांगता येत नाही.

सापडला. किल्ली सापडते, चष्मा सापडतो, गादीखाली गेलेली सुई पायाला लागून सापडते. एकतीस वर्षांनी माणूस कसा सापडतो ते पत्रात व्यवस्थित लिहिलं होतं. उत्तरेकडच्या जुन्या चौकीखालच्या उतारावर रस्ता रुंद करताना अवशेष मिळाले. तीन वर्षांपूर्वी तिच्या दिराच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने जो नमुना घेतला होता, त्याच्याशी ते जुळले. पाचव्या ओळीत होतं, 'सदर ठिकाणी अन्य कोणाचेही अवशेष आढळले नाहीत.' सहाव्यात सन्मानाने दफन कधी आणि कुठे, ते. आणि सातव्यात अगदी नम्रपणे कळवलं होतं की स्मारकाची भिंत ज्यांची कबर माहीत नाही अशांसाठीच असल्याने, नियमानुसार त्यांचं नाव भिंतीवरून काढण्यात येईल. पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी अकरा वाजता, कुटुंबीयांनी हजर राहिल्यास हरकत नाही. हरकत नाही, हे शब्द तिने पुन्हा वाचले. म्हणजे एकतीस वर्षं हरवून राहिला तर दगडात नाव, आणि सापडला तर चुना फासून मोकळे. शाळेत हजेरी द्यायला उभं राहावं आणि बाईंनी पटावरून नाव खोडावं, तसं.

दिराचा फोन त्याच रात्री आला. हा दीर लग्नात नऊ वर्षांचा होता, आता त्याची मुलगी कॉलेजात आहे. "वहिनी," तो म्हणाला आणि नुसतं नाक ओढत राहिला. "दादा सापडला, वहिनी." मग नाक शिंकरून त्याने गाडी किती माणसांची करायची, थंडी किती असेल, काय काय घ्यायचं ते सगळं एका दमात सांगितलं. चांगला माणूस. अंगाला सुटलेला, मनाने मऊ. शेवटी म्हणाला, "सुटलात हो वहिनी. आता दर गुरुवारी भिंतीकडे खेपा घालायला नकोत." तिने फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघराच्या फडताळाकडे पाहत बसली. गुरुवारशिवाय आपल्याकडे आहे काय? हा प्रश्न मनात आला तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. बाईने आज रडायला हवं होतं. नवरा डोंगराच्या कुशीत एकटा एकतीस हिवाळे पडून होता, आणि हिला काळजी गुरुवारची.

पण रडायचं कुणासाठी, हे तर कळायला हवं. लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि नवऱ्याची सुट्टी अकरा दिवस उरली होती. त्या अकरांतले तीन पाहुण्यांत गेले, एक प्रवासात, दोन दिवस त्याला ताप होता. उरलेल्या पाचांतून तिच्याजवळ काय शिल्लक होतं? खिडकीशी उभं राहून दाढी करणारी एक पाठ. मानेवर न्हाव्याने जरा वरच नेलेली केसांची रेघ. निघताना तो काहीतरी बोलला होता, पण बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता आणि तिने ऐकू आल्यासारखी मान हलवली. काय बोलला होता, ते पुढल्या सुट्टीत विचारू म्हणून ठेवून दिलं. आवाज कसा होता तेही आता आठवत नाही. तिची आई पुढे म्हणायची, "अकरा दिवसांच्या संसाराला किती वर्षं कवटाळून बसणार आहेस?" लोकांना वाटलं, पोरगी निष्ठेची. निष्ठा वगैरे काही नव्हतं. दोन-तीन चांगली स्थळं आली होती, त्यातलं एक तिला आवडलंही होतं. पण पाहायला यायचं म्हणाले गुरुवारी, आणि गुरुवारी ती मोकळी नसायची.

कारण भिंतीशी खालची यायची, खालच्या नावाची बायको. भिंत नवी उभी राहिली तेव्हाचा तो पहिलाच गुरुवार. कारखान्याला गुरुवारी सुट्टी, म्हणून ती गेली होती. पांढुरक्या दगडाची लांबच लांब भिंत, त्यात ओळीने नावं, बेपत्ता झाल्याच्या तारखेप्रमाणे लावलेली. आपलं नाव शोधून तिने हात टेकला, तर बरोबर खाली आणखी एक हात येऊन टेकला. रुंद, तिकिटांच्या शाईने बोटं जांभळी झालेला. "जरा कोपर वर घ्या," त्या हाताची मालकीण म्हणाली, "माझ्या माणसाच्या डोक्यात लागतंय." बसची कंडक्टर. धिप्पाड, आवाज असा की कुजबुजली तरी पुढच्या दरवाज्यातला माणूस सरकून उभा राहावा. तिलाही आठवडी सुट्टी गुरुवारची. दोघींनी तारखा पाहिल्या. एकच. कंडक्टर म्हणाली, "म्हणजे बरोबरच असतील गं. एका दिवशी गेले, एकाखाली एक आले. माझा पुलापाशी होता. तुझा?" उत्तर आघाडी, एवढंच काजवालीला कळवलेलं होतं. "मग पुलापाशीच," कंडक्टरने ठरवून टाकलं. "पूल काय दहा होते का?" त्या दिवसापासून ही वरची आणि ती खालची. दुसऱ्या नावाची गरज पडली नाही. "वरचे, उशीर केलास." "खालचे, चहात साखर घातलीस की पोतं?"

एकोणतीस वर्षांत त्या दोघींनी भिंतीशेजारच्या बाकावर बसून दोन पुरुषांचा संसार थाटला. खालचीजवळ भांडवल होतं. तिने सहा वर्षं नवरा नांदवला होता, एक मुलगी होती. तिचा नवरा अबोल, पालीला घाबरणारा, दूध तापत ठेवून विसरणारा. "माझा काही बोलायचा नाही," ती म्हणायची, "तुझ्यानेच बोलतं ठेवलं असेल त्याला." मग काजवालीला आपला नवरा बोलका करावा लागला. पुढे तो पत्त्यांत लबाडी करायला लागला. घोरायला लागला. पांघरुणाबाहेर पाय काढून झोपायला लागला, आणि खालचीचा नवरा रात्री उठून ते झाकायला लागला. एका हिवाळ्यात दोघांचं भांडण झालं, तीन गुरुवार अबोला चालला, चौथ्याला खालचीनेच मिटवलं. "वय झालं गं आता त्यांचंही," गेल्या वर्षी ती म्हणाली होती, "गुडघे धरले असतील." एकटीच्या खोलीत परतताना काजवाली हसायची, आणि कधीकधी जिन्यावर थांबून मनाशी चाचपायची, हा घोरणारा माणूस आपण पाहिला होता का? त्या पाच दिवसांत? चाचपता चाचपता शिवण कुठली आणि कापड कुठलं ते सापडेनासं झालं होतं. पण तो माणूस तिचा होता. उतारावर जो सापडला, त्या परक्या पोराला, चोविशीतल्या, ती कशी ओळखणार होती? आज तो समोर आला असता तर तिला काकू म्हणाला असता.

गेल्या गुरुवारी सांगायचं म्हणून ती पत्र पर्समध्ये घालून गेली होती. खालचीने गुडघ्याला लावलेल्या नव्या पट्ट्याची कथा सांगितली, जावयाची नक्कल केली. मग जायच्या वेळी, नेहमीसारखं, आपल्या नावावर तळवा ठेवून वरच्या नावाकडे मान करून म्हणाली, "लक्ष ठेवा हो भाऊ." हे ती दर गुरुवारी म्हणायची. इतकी वर्षं ते ऐकताना काजवालीला बरं वाटायचं. आपला माणूस कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं. त्या दिवशी मात्र पर्स मांडीवर दगडासारखी जड झाली. पूल आणि उत्तरेची चौकी यांच्यात दोन दिवसांची पायवाट होती. तिने कारखान्यातल्या हिशेबनीस मुलाकडून नकाशात पाहून घेतलं होतं. लक्ष कुणी ठेवलं नव्हतं. त्या दोघांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नसतील. पत्र पर्समध्येच राहिलं. बस चुकेल, म्हणून ती उठली.

आणि आज अकरा वाजणार होते. दिराला तिने येऊ नको सांगितलं होतं, दगडाचं काम ते, पाहण्यासारखं काय. पाथरवट आधीच आला होता. साठीचा, कमरेला फडकं, गुडघे टेकून बादलीत दगडाची भुकटी आणि चुना कालवत होता. रंग जुळतो का ते पाहायला त्याने एक बोट भिंतीच्या कोपऱ्याला पुसलं, मान हलवली, आणखी चिमूटभर भुकटी घातली. तेवढ्यात खालची लंगडत, फ्लास्क काखेत मारून, अर्ध्या मैदानावरूनच बोलत आली.

"काय गं वरचे, डागडुजी काढली का आज? आपल्याकडंच? बरं झालं, तुझ्या नवऱ्याच्या पहिल्या अक्षरात शेवाळ धरलंय, मी तीन वर्षं सांगतेय त्या रखवालदाराला."

"खालचे, बस जरा."

"बसते. पट्टा काचतोय मेला."

"तो सापडला."

"कोण, रखवालदार?"

"माझा."

खालचीने फ्लास्कचं झाकण फिरवायला घेतलं होतं ते तसंच राहिलं. मग तिचं रुंद तोंड असं काही उजळलं की काजवालीला खाली बघावं लागलं. "अगं बाई," ती म्हणाली, "अगं माझे बाई! सापडला? आणि तू अशी मुखस्तंभासारखी बसलीस?" तिने काजवालीचा खांदा गदागदा हलवला, आणि हलवता हलवता तिचा हात थांबला. काजवालीला हे ठाऊक होतं. नऊ दिवस ती याच थांबण्याला भीत होती. "मग माझाही तिथंच असणार की," खालची म्हणाली, हळू, जणू मोठ्याने बोललं तर उडून जाईल. "शेजारीच. नीट खणलं का त्यांनी? घाईत अर्धवट खणतात लोक. दोन हात इकडं, दोन हात तिकडं खणलं का, विचारलंस?"

इथे एक खोटं अगदी तयार होतं. शोधताहेत अजून, एवढंच. दोन शब्द. ते बोलून आणखी दहा-वीस वर्षांचे गुरुवार सहज निघाले असते. खालचीचं वय सदुसष्ट, फार तर तेवढेच लागले असते. काजवालीने पत्र काढलं आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. खालचीने चष्मा लावून वाचलं. ओठ हलवत, दोनदा.

"पूल नव्हता तो," काजवाली म्हणाली. "चौकी होती. पुलापासून दोन दिवस वर."

"म्हणजे बरोबर नव्हते."

"नाही."

"कधीच?"

"नसावेत."

"मग पत्त्यांत लबाडी कोण करायचं गं?"

"मीच. मला माहीत नाही तो पत्ते खेळायचा का. घोरायचा का तेही नाही. पाच दिवस, खालचे. पाच दिवसांत काय कळतं? तू बोलायचीस, मग मलाही काहीतरी आणावं लागायचं."

खालचीने चष्मा काढून पदराने पुसला. स्वच्छच होता. "मी माझा माणूस तुझ्या माणसाच्या भरवशावर सोडला होता गं," ती म्हणाली. ओरडून नाही, तिचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे काजवालीला ठाऊक नव्हतं. "रात्री जाग आली की मी म्हणायची, असू दे, एकटा नाहीये तो. लगेच झोप लागायची मला." ती उठली आणि मैदानाच्या टोकाला नळ होता तिकडे लंगडत निघाली. फ्लास्क बाकावरच राहिला.

"बाई, भरू?" पाथरवटाने विचारलं. त्याने खालच्या नावावर चुना सांडू नये म्हणून जाड कागद चिकटवला होता, त्यामुळे खालचीचा नवरा आता दिसत नव्हता, आणि वरचा अजून दिसत होता. काजवाली भिंतीसमोर उभी राहिली. अक्षरं तिच्या नजरेच्या सरळ रेषेत होती. तिला वाटलं होतं पाहून काहीतरी होईल. काही झालं नाही. नाव दगडात शांत होतं, नावं असतात तसं.

"जरा थांबता? शेजारीण येऊ दे."

"कोण शेजारीण?"

"खालची."

पाथरवटाने कागदाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. "थांबतो," तो म्हणाला. "नाहीतरी दगड आधी भिजवावाच लागतो. कोरडा दगड चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो, मग भेगा पडतात." तो कुंचल्याने अक्षरांत पाणी सोडत राहिला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. ओली अक्षरं काळीभोर झाली, नुकतीच कोरल्यासारखी ठसठशीत.

खालची आली तेव्हा तिचं तोंड, मान, ब्लाउजचा गळा, सगळं पाण्याने निथळत होतं. काजवालीकडे न बघता ती पाथरवटाला म्हणाली, "भरा. सापडलेल्या माणसाला किती वेळ ताटकळत ठेवायचं?" मग बाजूला होऊन तिने चिकटवलेल्या कागदाची एक सुटलेली कड अंगठ्याने दाबून धरली, आणि काम संपेपर्यंत सोडली नाही. पाथरवट छोट्या थापीने एकेक अक्षर तळापासून दाबत भरत गेला, थोडं फुगीर ठेवत, कारण सुकल्यावर चुना बसतो. पहिलं अक्षर गेलं. दुसरं गेलं. काजवालीला निघतानाचा तो गाडीचा भोंगा ऐकू आला, त्याच्या मागे हलणारे ओठ दिसले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की तो काही मोठं बोललाच नसेल. येतो, एवढंच म्हणाला असेल. आणि तो खरोखरच निघाला होता यायला. चोवीस वर्षांचं पोर ते. थंडीत, एकटं, पांघरूण घालायला कुणी नाही. आता मात्र तिला रडू फुटलं, आणि ते त्या बोलक्या, लबाड म्हाताऱ्यासाठी नव्हतं.

खालचीने एक हात कागदावरच ठेवून दुसऱ्याने तिला जवळ ओढलं. "रड," ती म्हणाली. "बायको आहेस ना."

"दफनाला येशील?" काजवालीने तिच्या ओल्या खांद्यात विचारलं. "दीर गाडी करतोय."

"मी येऊन काय करू? माझं कोण आहे तिथं?"

"माझं तरी कोण आहे? मला त्याची ओळख नाही गं. एकटीने कशी जाऊ समोर?"

पाथरवट शेवटचं अक्षर भरून मागे सरकला, डोळे बारीक करून पाहू लागला. "गाडीत पाय पसरायला जागा लागेल मला," खालची अखेर म्हणाली. "आणि दिराला सांग, खिडकी माझी."

पाथरवटाने कागद सोडवला. खालचं नाव जसंच्या तसं होतं. वर आता एक ओलसर, किंचित गडद पट्टा, बस्स. इतक्या वर्षांची सवय, निघताना काजवालीचा हात आपोआप उचलला गेला. "हात नका लावू बाई, ओलं आहे," पाथरवट म्हणाला, आणि तो हात हवेतच राहिला, कुठे जायचं ते न कळून. खालचीने तो मनगटाला धरला, वीतभर खाली आणला आणि आपल्या नवऱ्याच्या नावावर टेकवला. एकोणतीस वर्षांत दोघींपैकी कुणीही दुसरीच्या नावाला हात लावला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, पण नव्हता लावला. अक्षरं हिच्या सवयीपेक्षा खोल लागली.

"इथं ठेवत जा," खालची म्हणाली. "तुझ्या घरी आता कुलूप. म्हणून काय शेजार सुटतो?"

"यांना काय म्हणू मी?"

"भावोजी म्हण. दुसरं काय म्हणणार?"

काजवालीने डोळे पुसले, पदर सारखा केला. "भावोजी," ती म्हणाली, आणि नव्या नात्यातल्या माणसाशी पहिल्यांदा बोलताना जे तोंडात येतं, तेच तिच्या तोंडात आलं. "बरे आहात ना?"